सहा युरो सत्तर सेंटची बडीशेप

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा आरोग्यविमा लागतो. विमावाल्या मुलाने हा आकडा सांगितला तेव्हा माझी छाती उगाचच फुगली. सांगलीच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं, पण माझी एवढी किंमत आजवर कुणी केली नव्हती. मुलगा मोठा उत्साही होता. "काका, ॲडमिशन, ऑपरेशन, सगळं कव्हर आहे. आणि देव न करो, पण काही झालंच, तर बॉडी इंडियात आणायचा पूर्ण खर्च." 'पूर्ण'वर त्याने असा जोर दिला, की ही संधी सोडणं मूर्खपणाचं ठरेल असं मला क्षणभर वाटलं.

"आणि जिवंत आणायचा?" हिने विचारलं.

"त्याचं रिटर्न तिकीट आहे ना, काकू!"

पॉलिसी मी नववीच्या पेपरासारखी लाल पेनने तपासली. आधीपासूनचे आजार वगळले होते, म्हणजे माझं ब्लडप्रेशर सांगलीतच ठेवून जायचं होतं. शिवाय प्रत्येक दाव्यातले पहिले शंभर डॉलर आपण सोसायचे होते. हे कलम मी वाचलं, त्याखाली लाल रेघ मारली आणि विसरून गेलो.

हिचा विश्वास मात्र कागदावर नव्हता, पत्र्याच्या डब्यावर होता. ओवा, सुंठ, हिंग, बाळहिरडा, जायफळ, भाजलेली बडीशेप, न भाजलेली बडीशेप, सूतशेखर, अमृतांजन, इलेक्ट्रालच्या पुड्या. आणि हिरडा-जायफळ उगाळायचं कशावर? म्हणून सहाण. सहाणेचं वजन एक किलो दोनशे ग्रॅम भरलं. बॅगेची मर्यादा तेवीस किलोंची. यावर चार दिवस बोलणी चालली. शेवटी सहाण बॅगेत राहिली आणि माझा स्वेटर बाहेर आला.

आमच्या डॉक्टरांनीही चिठ्ठी दिली. "तिकडे आपल्या ब्रँडची नावं कुणाला कळत नाहीत, म्हणून औषधाचं मूळ नाव लिहून दिलंय. गोळ्या सुट्ट्या डबीत भरू नका, पाकिटासकट न्या. आणि बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, बॅग चुकून भलत्याच देशात गेली तर पंचाईत नको." चिठ्ठी कॅपिटल अक्षरांत होती. तीस वर्षांत त्यांचं अक्षर मला प्रथमच लागलं.

खरा घोटाळा औषधांचा नव्हता, अनारशांचा होता. हायडेलबर्गला पुतण्याकडे निघालो होतो, दिवाळी तोंडावर होती, तेव्हा फराळ आलाच. विमान दुबईवरून जाणार होतं. निघायच्या आदल्या रात्री शेजारचे कुलकर्णी धापा टाकत आले. "अनारशांवर खसखस आहे का? अमिरातीत खसखशीला बंदी आहे! जवळ सापडली म्हणून लोक तुरुंगात गेलेत!" अफूच्या बोंडातली असल्याने तिकडे खसखस अमली पदार्थांत मोडते, हे खरंच आहे. ही पाच मिनिटं एकेका अनारशाची खसखस झटकत बसली. मग म्हणाली, "बोडक्या अनारशांना कोण विचारणार?" एकवीस अनारसे रातोरात संपले. आठ माझ्या वाट्याला आले. पोट तेव्हाच जरा कुरकुरलं होतं, पण ते देशांतर्गत प्रकरण होतं.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ढग होते.

हायडेलबर्ग सुंदर आहे. खाली नेकार नदी, वर डोंगरात लाल दगडाचा पडका किल्ला, आणि गावात १३८६ सालचं विद्यापीठ. पुतण्याने पहिल्याच दिवशी फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली. "काका, ११२ म्हणजे जीव जातोय. ११६११७ म्हणजे जात नाहीये, पण तसं वाटतंय. तिथे सुट्टीच्या दिवशीसुद्धा ड्यूटीवरचा डॉक्टर मिळतो. पण इंजेक्शन मागू नका. इथे ताप आला तरी डॉक्टर म्हणतात, चहा प्या आणि झोपा."

"मग ते शिकतात काय?" ही म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी बाजारात एका मांडवाखाली लोक गढूळ, पांढरटसर, गोड वासाचं काहीतरी पीत होते. त्याला फेडरवाइसर म्हणतात. द्राक्षाचा रस आंबायला लागून अजून वाइन न झालेली, अशी ती मधली अवस्था. शरद ऋतूत काही आठवडेच मिळते. आंबणं चालूच असतं, म्हणून बाटलीचं बूच घट्ट लावत नाहीत. लावलं तर बाटली फुटायची. आपल्याकडे सूर्य वर आला की नीरेचं जे होतं, तेच इथे बाटलीत चाललेलं असतं. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या संध्याकाळी मला ते पन्ह्यासारखं लागलं. सोबत रीतीप्रमाणे कांद्याचा गरम केक होता. मी तीन पेले घेतले.

रात्री एक वाजता पोटाने पहिली घंटा दिली. दुसरी चाळीस मिनिटांनी, तिसरी वीस मिनिटांनी, चौथी दहा. भूमिती श्रेढी, गुणोत्तर एक छेद दोन. अशी श्रेढी कुठे जाते ते मला ठाऊक होतं. अनंत फेऱ्या, आणि एकूण वेळ जेमतेम ऐंशी मिनिटं.

ही डबा घेऊन दारात उभी. "बडीशेप नि ओवा उकळून देते. दहा मिनिटं झाकून ठेवायचं, गाळून प्यायचं."

"अगं, जर्मनीत आलोय आपण," मी आतून म्हणालो. "जरा शास्त्रीय काहीतरी होऊ दे."

तिने डबा बंद केला. त्या झाकणाचा आवाज मला अजून आठवतो.

सकाळी पुतण्याने रोगाचं जर्मन नाव सांगितलं. डुर्शफाल. डुर्श म्हणजे आरपार, फाल म्हणजे पडणं. मी या भाषेला मनोमन हात जोडले. संस्कृतातसुद्धा इतकं नेमकं नाव नसेल. "आणि गंमत म्हणजे काका, परीक्षेत नापास होण्यालासुद्धा हेच क्रियापद वापरतात." चौतीस वर्षांत मी ज्यांना ज्यांना डुर्शफाल केलं, ते सगळे चेहरे माझ्या डोळ्यांपुढून गेले.

रविवार होता. जर्मनीत रविवारी दुकानं बंद म्हणजे बंद. क्रोसिनसारखी साधी गोळीदेखील तिथे किराणा दुकानात मिळत नाही. औषध हवं तर औषधालयातच जायचं. लाल 'ए' अक्षर, त्यात पेला आणि त्याला विळखा घातलेला साप, ही औषधालयाची पाटी. अशी चार दारं पाहिली, चारही बंद. पण प्रत्येक दारावर त्या दिवशी पाळी कुणाची, याचा कागद होता. पाळी निघाली पलीकडच्या गावातल्या औषधालयाची. गाडी सूनबाई घेऊन गेलेली, ती दुपारी येणार. आणि किल्ल्याची तिकिटं आधीच काढलेली. मला तेवढ्यात बरंही वाटायला लागलं. फुकट जाणाऱ्या तिकिटाने मराठी माणसाला नेहमीच बरं वाटतं.

किल्ल्यावर दोन गोष्टी पाहायच्या असतात. एक १७५१ सालचं लाकडी पिंप. त्यात सुमारे दोन लाख वीस हजार लिटर वाइन मावत असे. मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो. समोर पर्केओचा पुतळा होता. हा दरबारातला बुटका विदूषक, या पिंपाचा रखवालदार. दंतकथा अशी, की आयुष्यभर तो फक्त वाइन प्यायला आणि ठणठणीत राहिला. म्हातारपणी आजारी पडला, वैद्याने सांगितलं पाणी पी, तो एक पेला पाणी प्यायला आणि दुसऱ्या दिवशी गेला. सकाळपासून मी सात पेले पाणी प्यायलो होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे किल्ल्यातलं औषधालयांचं संग्रहालय. अख्ख्या हायडेलबर्गात रविवारी मला उघडं सापडलेलं औषधालय हे एवढंच, आणि त्यातलं औषध शेदोनशे वर्षं जुनं. शिसवी खणांच्या भिंती, लॅटिन चिठ्ठ्यांच्या बरण्या, तराजू, पितळी खल. एके काळी युरोपातल्या औषधालयांत इजिप्तच्या ममीची भुकटीसुद्धा विकत. आपला हिरडाही तिकडे मायरोबलान नावाने मानाने नांदायचा. हे ऐकल्यावर हिने संग्रहालय फार बारकाईने तपासलं. शेवटी निकाल दिला, "खलबत्ते आहेत. सहाण नाही."

तेवढ्यात मला घंटा झाली. तपशील देत नाही. त्या अवस्थेत मी कुलदैवताला हाक मारली, आणि ती हाक त्या गावात अगदीच परकी नव्हती. खंडोबा, बिरोबा आणि धनगर यांच्यावर आयुष्य घातलेले गुंथर सोंथायमर याच हायडेलबर्गच्या विद्यापीठात शिकवत होते. १९९२ साली ते गेले. जेजुरीचा पत्ता इथे निदान कुणाला तरी ठाऊक होता, एवढाच आधार.

दुपारी पलीकडच्या गावी गेलो. औषधालय बंदच, पण दारात पोस्टाच्या पेटीसारखी एक झडप आणि शेजारी घंटी. घंटी वाजवली, झडप उघडली, आत पांढऱ्या कोटातल्या एक बाई. मागे रांगेत तीन माणसं आणि एक कुत्रा. बाई विचारत, पुतण्या मराठीत सांगे, मी मराठीत हळूच उत्तर देई आणि पुतण्या ते जर्मनमध्ये खणखणीत आवाजात झडपेतून आत पाठवी. कधीपासून? किती वेळा? ताप? रक्त? रोजच्या गोळ्या कोणत्या? मी डॉक्टरांची चिठ्ठी सरकवली. बाईंनी ती एका दमात वाचली आणि मान डोलावली. शेवटी, काय खाल्लं? पुतण्या म्हणाला, "फेडरवाइसर." बाई "आहा" म्हणाल्या. रांगेतली तिन्ही माणसंही "आहा" म्हणाली.

गोळी काही दिली नाही. ताप आला, रक्त दिसलं किंवा दोन दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टर गाठा. तोवर मीठ-साखरेचं पाणी, सुके टोस्ट, आणि हे घ्या. एक कागदी खोका. चार युरो वीस सेंट, अधिक अवेळी घंटी वाजवल्याचे अडीच युरो. सहा युरो सत्तर.

गाडीत हिने खोका नाकाशी नेला. मग काही न बोलता पुतण्याकडे दिला.

"फेन्शेल, आनिस, क्युमेल," त्याने वाचलं. फोनवर शोधलं. त्याचा आवाज बारीक झाला. "फेन्शेल म्हणजे बडीशेप. आनिस म्हणजे... तीही एक बडीशेपच दिसतेय. क्युमेल म्हणजे विलायती जिरं. चेचून उकळतं पाणी ओतायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं."

घरी पोहोचेपर्यंत कुणी बोललं नाही. रात्री हिने तो चहा केला, दहा मिनिटं झाकला, गाळला आणि माझ्यापुढे ठेवला. "घ्या. शास्त्रीय आहे." सोबत जर्मन टोस्ट होता, त्स्वीबाक नावाचा. नावाचा अर्थ दोनदा भाजलेला. चव थेट आमच्या गल्लीतल्या बेकरीची. सोमवारी सकाळी मी उभा राहिलो.

सांगलीला आल्यावर पावती विमा कंपनीकडे धाडली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दावा मंजूर, वजावट शंभर डॉलर, देय रक्कम शून्य. गणिताचा मास्तर म्हणून सांगतो, हे उत्तर ऋण यायला हवं होतं. कंपनीने उरलेले पैसे माझ्याकडे मागितले नाहीत, हे त्यांचे उपकार.

तुम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरात तिकडे निघाला असाल तर ते गढूळ पन्हं एकच पेला घ्या, आणि दुबईवरून जात असाल तर अनारसे घरीच संपवा. सहाण हवी असल्यास आमची मिळेल. फक्त ती न्यायची तर स्वेटर राहतो.