पुतलीबाईच्या पोरी

सांडगे घातले की काकूंचं दिवसभराचं ठाण कुंपणापाशी. कावळ्यांसाठी हातात काठी, मांडीवर नातवानं दिलेला टॅब. मी आपली कढीपत्त्याच्या दोन काड्या मागायला गेले आणि अडकले.

"वहिनी, शमीम आरा माहितीये का?"

"कोण, त्या मागच्या गल्लीत नवीन आल्यात त्या?"

"कपाळ माझं! लाहोरची नटी हो. रात्री दोनपर्यंत बघत बसले होते. मूळची अलीगढची. १९३८चा जन्म. आणि खरं नाव काय, तर पुतलीबाई."

"अगं बाई, ती चंबळची डाकू?"

"तिथंच तर घोटाळा झाला ना! १९५६ साली ही पोर नातेवाइकांकडे लाहोरला गेली होती. तिथं नजम नक्वी नावाच्या दिग्दर्शकानं हेरली. त्याला 'कुंवारी बेवा'साठी नवा चेहरा हवा होता. पण पुतलीबाई म्हटलं की लोकांना तुम्हाला आठवली तशी ती बंदूकवालीच आठवणार. पोस्टरवर कसं छापायचं ते नाव? झाली शमीम आरा. सिनेमा आपटला, ते सोडा."

काकूंनी एक कावळा हाकलला. काड्या मी स्वतःच तोडून घेतल्या; काकू काही उठणार नव्हत्या.

"मग १९६०चा 'सहेली'. तो मात्र धो धो चालला. निगार पुरस्कार मिळाला तिला. तिकडचं फिल्मफेअर म्हणा ना. आणि १९६२चा 'कैदी'! फैजची ती गाजलेली नज्म आहे ना, आमच्या ह्यांना अजून तोंडपाठ आहे, ती त्यात नूरजहाँनं गायलीय आणि पडद्यावर ही. ह्यांच्या मते बाईचं आयुष्य तिथंच संपलं. पुढचं सगळं वाया."

"नूरजहाँ म्हणजे मास्टर विनायकांच्या 'बडी माँ'मधली ना?"

"तीच. १९४५चा. आपली लता चिल्लर कामं करत होती त्यात, आशासुद्धा होती. आणि फाळणीनंतर तिकडे गेल्यावर तीच नूरजहाँ १९५१ साली दिग्दर्शक झाली, 'चन वे'ला. तो पंजाबी. पण पाकिस्तानात दिग्दर्शक म्हणून बाईचं नाव लागलं ते पहिल्यांदा तिचं. आपल्याकडे नाही का, शोभना समर्थांनी १९५०ला 'हमारी बेटी' केला, नूतनला पुढं आणायला."

"म्हणजे नट्यांनी दिग्दर्शन करायची हौस तेव्हापासूनची."

"हौस म्हणू नका हो. एखादा सिनेमा केला तर हौस. शमीम आरानं तेवीस वर्षं केलं."

मी पिशवी खाली ठेवली. आता सुटका नव्हती.

"आधी ऐका तर. साठच्या दशकात रडण्यात हिचा हात कुणी धरत नव्हतं. 'नायला', १९६५. पश्चिम पाकिस्तानातला पहिला रंगीत सिनेमा. रझिया बट म्हणून कादंबरीकार होत्या, आपल्याकडे वाचनालयातून बायका झडप घालून न्यायच्या तशा कादंबऱ्यांच्या, त्यांची गोष्ट. रंगीत म्हणजे साड्या काय, दागिने काय, आणि आतली बाई मात्र हुंदके देतेय. 'लाखों में एक' १९६७चा. त्यात ही हिंदू मुलगी झालीय, मुसलमान मुलावर जीव लावणारी. ६५च्या युद्धाला दोन वर्षं झालेली, आणि तिकडचं पब्लिक त्या हिंदू मुलीसाठी रुमाल भिजवतंय! मग १९६८ला 'साइका'. पुन्हा रझिया बट. पण आता निर्माती ही स्वतः. हे लक्षात ठेवा. पैशांची पिशवी तिनं आधी हातात घेतली, मग कॅमेरा."

"आणि दिग्दर्शन कधी?"

"१९७६. 'जियो और जीने दो'. अडतीस वर्षांची होती. त्या वयाला नायिकेला काय देतात, आईचं काम आणि पांढरी ओढणी. त्याच वर्षी संगीतानं 'सोसायटी गर्ल' केला, तीही नटीच. तिनं पुढं राजिंदर सिंह बेदींच्या 'एक चादर मैली सी'वरनं १९७८ला 'मुठ्ठी भर चावल' काढला. आपल्याकडे हेमामालिनीचा यायला १९८६ उजाडलं!"

"ती संगीता हुशार दिसते."

"आहेच. पण मला शमीम आरा आवडते. आता तुम्ही हसणार. १९७९ला काय काढला तिनं? 'मिस हाँगकाँग'. मग 'मिस कोलंबो', 'मिस सिंगापूर', शेवटी 'मिस इस्तंबूल'. मध्ये 'लेडी स्मगलर', 'लेडी कमांडो'."

हसू खरंच आवरेना. "काकू, फैजच्या नज्मेवरून थेट लेडी कमांडो? घसरगुंडी नुसती!"

"हेही असंच म्हणतात. अहो, पण १९७९ साल बघा ना. झियांची राजवट. त्याच वर्षी 'मौला जट्ट' आला, सुलतान राही गंडासा घेऊन असा काही सुटला की पुढं वर्षानुवर्षं पंजाबी मारधाडच. उर्दू सिनेमाला श्वास लागलेला. तशात हिनं काय केलं, नायिका बाबरा शरीफला विमानात बसवलं आणि नेलं हाँगकाँगला. हाणामारी पोरीची, परदेश पोरीचा, नावसुद्धा पोरीचं. स्वतः वीस वर्षं उशीत तोंड खुपसून रडली, पण दुसरीला नाही रडवलं. माझा आपला अंदाज हो, तिला कंटाळा आला असेल त्या रडण्याचा."

"सिनेमे चांगले आहेत का पण?"

"छे! 'मिस कोलंबो' अर्धा बघून मी डुलकी काढली. मी कुठं म्हणतेय चांगले आहेत? चालत होते. १९९५चा 'मुंडा बिगडा जाए' तर केवढा चालला, थिएटरं ओस पडायला लागली होती तेव्हा. पडेल धंद्यात जी बाई निर्मात्याचे पैसे परत आणते, तिला पुन्हा बोलावतात. १९९९पर्यंत बोलावलं, 'पल दो पल'पर्यंत."

मग काकू कुंपणाकडे सरकल्या आणि आवाज खाली आला. खरी बातमी आता येणार, हे मी ओळखलं.

"आणि लग्नं किती? चार! पहिला नवरा जमीनदार, मोटार अपघातात गेला. पण मधला एक कोण, सांगा? फरीद अहमद. डब्ल्यू. झेड. अहमदांचा मुलगा."

"हे कोण आता?"

"वहिनी, पुण्यात राहता ना? अहमदांचा शालिमार स्टुडिओ! चाळीसच्या दशकात इथंच होता. जोश मलिहाबादी, कृष्ण चंदर, सगळी मंडळी पगारावर पुण्यात. त्यांची ती नीना, 'रहस्यमयी नीना' अशी जाहिरात करायचे. आमचे मामा तिला बघायला म्हणून फाटकाशी सायकल घेऊन उभे राहायचे आणि घरी येऊन आजोबांचा मार खायचे. म्हणजे शमीम आरा थोडे दिवस का होईना, आपल्या शालिमारवाल्यांची सून."

"आता कुठं असते?"

"गेली हो. लंडनला होती, मुलाकडे. मेंदूत रक्तस्राव झाला, वर्षानुवर्षं निपचित पडून होती. २०१६च्या ऑगस्टमध्ये सुटली." काकू क्षणभर टॅबकडे बघत राहिल्या. तेवढ्यात एक कावळा सांडगा घेऊन गेलासुद्धा.

"संध्याकाळी या, 'मिस हाँगकाँग' लावते. पण काकांसमोर बोलू नका. त्यांना वाटतं, मी अजून 'कैदी'च बघतेय."