श्री. शनिवारकर, शेतकरी

शनिवारकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. पण शनिवारी सकाळी चांदणी चौक ओलांडून पौडच्या रस्त्याला लागणाऱ्या कुठल्याही उंच गाडीची काच खाली करायला लावा, आत तेच बसलेले असतात. वय पन्नाशीच्या अलीकडेपलीकडे. डोक्यावर गवती टोपी, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट (महिना एप्रिल), मागच्या सीटवर ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं आणि त्या भेंडोळ्यातून उरलेल्या जागेत वहिनी.

त्यांचं शेतकरी होणं सोपं नव्हतं. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर माणूस आधीपासून शेतकरीच असावा लागतो. १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ तसं सांगतं. शनिवारकर डगमगले नाहीत. ज्या गावाचं नाव आजवर फक्त कुलदैवताचा पत्ता म्हणून ठाऊक होतं, तिथे ते गेले, तलाठ्यासमोर बसले आणि आजोबांच्या सतरा गुंठ्यांत बाकीच्या बावीस वारसांच्या शेपटाला आपलं नाव लावून आले. फेरफार मंजूर झाला त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. तेव्हापासून चुलतभावांशी बोलणं बंद आहे, पण शेतकरी असल्याचा दाखला आहे. दाखल्याला लॅमिनेशन आहे.

मग मुळशीत दीड एकर डोंगरउतार घेतला. वर्षानुवर्षं पडीक. घाणेरी, रानमोडी, करवंदीच्या जाळ्या आणि पायजम्यात शिरून मुक्काम करणारी कुसळं. ज्यांच्याकडून घेतला, ते मामा आता त्याच जमिनीवर पगारी राखणदार आहेत. सातबाऱ्यावर मामांचं नाव कंसात गेलं. मामा स्वतः मात्र पूर्वीच्याच आंब्याखाली उकिडवे बसलेले असतात. शनिवारी तेवढे उभे राहतात.

पहिलं काम जेसीबीचं. झाडोरा तर गेलाच, पण उतारावर आडव्या रचलेल्या दगडी तालीही गेल्या. मामा म्हणाले, "सायेब, ताली ऱ्हाऊ द्या. माज्या आज्यानं रचल्यात त्या. हितं नाचनी व्हायाची." शनिवारकरांना मात्र तालींमुळे 'व्ह्यू' तुटत होता. ते दगड आता बसायच्या चौथऱ्यात गेलेत, आणि चौथऱ्यावरून व्ह्यू छान दिसतो.

हे सगळं उरकल्यावर त्यांनी फुकुओकांचं पुस्तक वाचलं. जमीन नांगरू नये, खत घालू नये, तण मुळासकट काढू नये, निसर्गाला त्याचं काम करू द्यावं, हे त्यात वाचून ते भारावले. त्यांच्या जमिनीवर हाच प्रयोग इतकी वर्षं बिनबोभाट चालू होता आणि तो आपण तासाला ठरलेल्या दराने बंद पाडला, हे त्यांच्या लक्षात आणून द्यायचा धीर मला अजून झालेला नाही.

शेतीने त्यांची भाषा आधी बदलली, जमीन त्यामानाने कमी. 'वापसा' हा शब्द त्यांना इतका आवडला की ऑफिसच्या मीटिंगमध्येही, प्रस्ताव पुढे ढकलायचा झाला की ते "अजून वापसा आलेला नाही" असं म्हणतात. मृग कधी निघतो, त्याचं वाहन बेडूक की गाढव, हे कॅलेंडरात पाहून सोसायटीच्या लिफ्टमध्ये जाहीर करतात. लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत पावसाचा अंदाज पूर्ण होतो. पाऊस पडला तर "आम्हा शेतकऱ्यांना बरं झालं", नाही पडला तर "आम्हा शेतकऱ्यांचं काही खरं नाही". 'आम्हा' कायम.

सोसायटीवरून आठवलं. नैसर्गिक शेतीवाल्या पाळेकर गुरुजींच्या पद्धतीचं जीवामृत त्यांनी गॅलरीत केलं होतं. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर बांधावरची माती. बांध मुळशीत राहिल्यामुळे माती सोसायटीच्या बागेतली घेतली. पिंप सावलीत ठेवून ते काठीने सकाळ-संध्याकाळ ढवळायचे, तेही घड्याळाच्या दिशेने. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू नाकाला पदर लावून दारात उभ्या. शनिवारकरांनी त्यांना अर्धा तास जिवाणूंची माहिती दिली. काकूंनी ती ऐकून घेतली आणि जाताना म्हणाल्या, "सगळं खरं भाऊ, पण जिवाणूंना तुमच्याच बेडरूममध्ये न्या."

बोअरची हकिगत थोडक्यात सांगतो. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला तिथे मशीन लावलं, आणि तीनशे फुटांपर्यंत अव्वल दर्जाचा फुफाटा लागला. हापूस, केसर, अव्होकाडो, ड्रॅगनफ्रूट अशी सर्वपक्षीय लागवड झाली. कंद रानडुकरांनी नेले, पेरू वानरांनी. फेब्रुवारीत शेजारच्या माळावरून वणवा आला आणि नळ्यांचं भेंडोळं जागच्या जागी वितळलं. तरी वांगी आली. पाहुण्यांना शेत दाखवायला नेलं की ते प्रत्येक वांग्यापाशी थांबतात, पान उलटं करून दाखवतात आणि "हे पूर्ण विषमुक्त" असं वांग्याला ऐकू जाईल अशा बेताने सांगतात. वहिनी बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या डायरीत पेट्रोल, मजुरी, नळ्या, जेसीबी, सगळं तारीखवार आहे. भरताचं वांगं वाढताना त्या पाहुण्यांना आग्रह करतात, "घ्या ना अजून, चारशे दहाला एक पडलंय."

खरी गंमत मातीची आहे. ताली काढल्यावर पहिल्याच आषाढात वरचा थर धुऊन गेला आणि खाली निव्वळ मुरूम दात काढून हसायला लागला. शनिवारकरांनी डंपरने तांबडी माती आणवली. किती ब्रास, ते वहिनींच्या डायरीत लाल शाईने आहे. पुढच्या पावसाळ्यात तीही गेली. त्यांनी पुन्हा आणवली. कुठे जाते ही माती, यावर कृषी महाविद्यालयातल्या एका मित्राकडून त्यांनी मतही मागवलं आहे.

उताराच्या पायथ्याशी भाताचं खाचर आहे. ते मामांच्या धाकट्या भावाचं. त्याने विकलेलं नाही. हा भाऊ फार अगत्याचा. शनिवारकरांचा डंपर चढावर अडकला की पहार घेऊन न बोलावता येतो, चाकाखाली दगड लावतो, माती शेवटच्या फावड्यापर्यंत नीट पसरली जाते की नाही ते जातीने पाहतो. "गावाकडे ही आपुलकी अजून टिकून आहे," असं शनिवारकर मला त्याच्यासमोरच म्हणाले. तो मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने ढेकूळ फोडत होता. त्याचा इंद्रायणी यंदा कमरेला लागलाय.

निघताना त्याने गाडीपाशी येऊन नमस्कार केला आणि खिडकीत वाकून अदबीने म्हणाला, "सायेब, तांबडी झाली बगा आता पुरे. आवंदा जरा काळी मिळती का बगा."