घर देणे आहे

गुरुजी लोकांनी घर घेतलं की बदलीच्या ऑनलाइन यादीला त्यांचं नाव आठवतं, असा आमच्याकडचा समज आहे. मी तो खरा करून दाखवला. लाखांदुरात घर घेतलं, आणि बदली निघाली तुमसरला. जिल्हा भंडाराच, पण आम्ही त्याच्या दक्षिण टोकाला आणि तुमसर उत्तरेला. वास्तुशांतीचं आंब्याचं तोरण वाळून खडखडत होतं, बाथरूमच्या नळावरचं प्लॅस्टिकही निघालं नव्हतं, आणि प्रश्न येऊन बसला : विकायचं की भाड्यानं द्यायचं?

हा प्रश्न चहाच्या टपरीवर काढू नये. मी काढला.

"इकता कायले जी गुरुजी? घर का खायले मांगते?"

"मांगते ना जी! बँकेचा हप्ता कोन भरते?"

पुढचा अर्धा तास ते दोघं माझ्या घरावरून भांडले. चहाचे पैसे मी दिले.

विकण्याचा हिशेब मांडला. घेतल्यापासून 24 महिन्यांच्या आत घर विकलं, तर झालेला नफा अल्पकालीन ठरतो आणि पगारात मिसळून त्यावर आपल्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. 24 महिने उलटले की दर साडेबारा टक्के. हे ज्ञान मी टपरीवर वाटलं, तेव्हा उत्तर आलं, "पयले नफा तं होऊ द्या जी." मुद्दा बिनतोड होता. खरेदीला भरलेलं मुद्रांक शुल्क काही परत मिळत नाही.

त्यात घर बायकोच्या नावावर. महिलेच्या नावानं खरेदी केली की राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. त्या एका टक्क्यासाठी मी शंभर टक्के मालकी सोडली. 2021 मध्ये ही सवलत आली, तेव्हा पंधरा वर्षं घर पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती. 2023 मध्ये सरकारनं ती काढली. हे मी उत्साहानं घरी सांगितलं. बायको म्हणाली, "सरकारनं काढली. मी कुठं काढली?"

मग भाडेकरू. पहिले आले ते धानाचे व्यापारी. त्यांनी हॉलमध्ये उभं राहून छताकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच थप्पी लावली. "इथं दोनशे कट्टे. बेडरूममध्ये शंभर. देवघर मोकळंच ठेवू जी, तुमच्या शब्दाबाहेर नाही." बायकोला त्या तीनशे कट्ट्यांमागून येणारे उंदीर आत्ताच दिसू लागले.

दुसरा उमेदवार शेजारच्या वडशाच्या एका नाटक कंपनीत ऑर्गन वाजवणारा. मला तो फार पसंत पडला. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली, गावोगाव मंडईची जत्रा भरू लागली, की नाटकं सुरू होतात आणि पडदा पडतो तो पहाटे. म्हणजे सगळा हंगाम हा माणूस रात्री घरात नाही आणि दिवसा झोपलेला. विजेचं बिलसुद्धा लाजेल. "आणि पावसाळ्यात?" बायकोनं विचारलं. पावसाळ्यात तो तालीम करतो. झाडीपट्टी रंगभूमीचेच कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, हा दाखला मी दिला. ती म्हणाली, "याला मिळाली की देऊ."

करार अकराच महिन्यांचा का, हेही कळलं. 1908 चा नोंदणी कायदा वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची करतो. म्हणून भाडेकरूच्या पंचांगात एक महिना कायमचा क्षय. मिळालेल्या भाड्यातून घरपट्टी वजा केल्यावर आयकर खातं आणखी 30 टक्के सोडून देतं, दुरुस्ती करा अगर करू नका. आमचं छत गळणार हे दिल्लीत आधीच ठाऊक दिसतं.

तेव्हा निकाल असा : घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, बोअरचं पाणी. मटण-मासोळीला हरकत नाही, धानाच्या कट्ट्यांना आहे. वाद्य असेल तर आधी सांगावं. बोलणी मालकिणीशीच करावी; माझ्याशी केलेली धरली जाणार नाहीत.