इशारा पातळी

कोल्हापुरात घराच्या डागडुजीला गवंडी मिळेल की नाही, हे अंबाबाईलाच ठाऊक. पण सल्ला हवा असेल तर तुम्ही फक्त दारात उभं राहून वर बघायचं. बोलायचं काही नाही. थोड्या वेळानं शेजारी एक माणूस येऊन उभा राहतो, तोही वर बघतो, मग दूधवाला गाडी बंद न करता एक पाय टेकून थांबतो, पलीकडच्या काकू हातातली भाजीची पिशवी खाली ठेवतात, आणि घरात चहाला उकळी फुटेपर्यंत तुमच्या घराच्या उरलेल्या आयुष्याबद्दल गल्लीचं एकमत झालेलं असतं. ते कधीही तुमच्या बाजूनं नसतं.

आमचं घर मंगळवार पेठेत. वडिलांनी बांधलेलं, वर स्लॅब, पुढं चार फुटी छज्जा. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर मजल मारली, शहराच्या सखल भागात होड्या फिरल्या, पण आमच्या उंबऱ्याला पाण्याचा थेंब शिवला नाही. “बांधणाऱ्यानं जागा पारखून घेतलीय,” असं मी पाहुण्यांना पुढं कितीतरी दिवस ऐकवत होतो. जणू पारख माझी होती. नदीचं पाणी खालून येतं, हे मला माहीत होतं. आमचं वरून आलं.

जुलैतल्या एका रात्री सोप्यातल्या पंख्याच्या बरोबर वर एक ओला डाग दिसला. सकाळी तो परातीएवढा झाला आणि दुपारी पंख्याच्या वाटीतून टपकायला लागला. बायकोनं आधी मेन स्विच बंद केला, मग बादली आणली, मग मला हाक मारली. हा क्रम आमच्या घरात ठरलेला आहे. “अहो, तुमचं घर गळतंय,” ती म्हणाली. वास्तुशांतीच्या फोटोत हेच घर ‘आमचं’ असतं, घरपट्टी भरताना ‘आपलं’ होतं आणि गळायला लागलं की थेट माझ्या नावावर चढतं.

कोल्हापूरकराला पावसाळ्यात पाणी फुटांत मोजायची सवय. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी चढलं की कुणाला न विचारता आपोआप उघडतात. आज त्यांतले किती उघडले, हे आम्ही एकमेकांना तब्येतीच्या आधी विचारतो. तेव्हा मी मार्कर पेन घेतलं आणि बादलीवर आतून दोन रेघा मारल्या. खाली इशारा, वर धोका. या कामात माझी सकाळ फार छान गेली. संध्याकाळी बायको म्हणाली, “धोका पातळी ओलांडलीय. आता प्रशासन काय करणार?” प्रशासनानं बादली मोरीत ओतली.

माझी खरी पंचाईत वेगळीच आहे. मी हयातभर बँकेत घरबांधणीची कर्जं मंजूर केली. प्लिंथ झाली की एक हप्ता, लिंटेलला आलं की दुसरा, स्लॅब झाला की तिसरा, अशी माझी रोजची भाषा. लिंटेल म्हणजे घराचा नेमका कुठला अवयव, हे मात्र मी निवृत्त होईपर्यंत कुणाला विचारलं नाही, कारण साहेबानं विचारायचं नसतं, सही करायची असते. गल्लीची समजूत अशी, की या माणसाला बांधकामातलं सगळं कळतं आणि तरी याचं घर गळतं, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. त्यामुळं मला साधा सल्ला कुणी दिलाच नाही. सगळ्यांनी तज्ज्ञाचा तज्ज्ञाला दिला.

सल्ला देणाऱ्याची एक रीत असते. तो सोप्यात येतो, चप्पल न काढता डागाखाली उभा राहतो, कमरेवर हात ठेवतो, मान मागं टाकतो, जिभेनं ‘चक् चक्’ करतो आणि मग तो प्रश्न विचारतो, जो गवंडी, प्लंबर, रंगारी, इलेक्ट्रिशियन आणि माझा मेहुणा या सर्वांनी एकाच गुरूकडून घेतला असावा.

“कुणी केलतं हे काम?”

या प्रश्नाला उत्तर नसतं. “वडिलांनी,” म्हटलं की तो गप्प होतो. पण ती आदराची शांतता नसते.

तालमीसमोरच्या चहाच्या टपरीवर मी हा विषय काढायला नको होता. एकानं सांगितलं, गच्चीवर ब्रिक बॅट कोबा करा, म्हणजे विटांचे तुकडे ढाळात बसवून वर सिमेंटचा थर. दुसरा म्हणाला, कोब्यानं स्लॅबवर वजन येतं, त्यापेक्षा चायना मोझॅक करा. तिसऱ्यानं फुटक्या कपबश्यांच्या त्या पांढऱ्या तुकड्यांवर त्याचे सासरे कसे घसरले, ते मांडी दाखवून सांगितलं. चौथ्याच्या मते सरळ वर पत्रा मारायचा, म्हणजे खालच्या स्लॅबनं काहीही करावं. पाचवा पैलवान होता. तो इतका वेळ काही बोलला नव्हता. त्यानं बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, “घर इका.”

मग आमचा भाचा आला. तो सिव्हिल इंजिनिअर, पुण्यात असतो, म्हणून त्याला घरात मान आहे. तो वर गेला, खाली आला आणि म्हणाला, “मामा, तुमचा ढाळच चुकलाय. शंभर फुटांना निदान एक फूट उतार पाहिजे.” तो उतार मोजायला त्यानं पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी काढली, जिच्या दोन टोकांचं पाणी एका पातळीत राहतं. एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. पाणी चढेना, तेव्हा तो म्हणाला, “मामा, जरा ओढा.” मी ओढलं. गच्चीच्या ढाळाविषयी त्या दिवशी ठाम निष्कर्ष निघाला नाही; टाकी धुवायला झालीय, हे मात्र मला चवीवरून कळलं.

समोरचे तात्या या सगळ्यांना हसत होते. त्यांचा केमिकलवर विश्वास नाही. “पन्हाळ्याचा अंबारखाना बघितलासा न्हवं? गंगा, यमुना, सरस्वती, तीन कोठ्या. कवाधरनं उभ्या हाईत. त्यास्नी कुठलं वॉटरप्रूफिंग केलतं?” मला नाही म्हणता येईना. तात्यांनी आवाज खाली आणून कृती सांगितली: भिजवलेला चुना, विटांचा चुरा म्हणजे सुर्खी, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर आणि गूळ. जुने गवंडी असाच चुना मळायचे, हे खरं आहे. ते किती दिवस मळायचे आणि कुठल्या ऋतूत, हे मी विचारलं नाही, कारण गुळाचं नाव निघाल्यावर माझा कोल्हापुरी अभिमान जागा झाला होता.

पावसाची उघडीप मिळाली तसा मी काष्ठौषधीच्या दुकानात गेलो. “हिरडा द्या,” म्हटलं. दुकानदारानं विचारलं, “किती?” मी म्हटलं, “दोन किलो.” त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि फार मायेनं विचारलं, “काका, किती दिवस झाले?” मी म्हटलं, “जुलैपासून.” तो हादरला. दुकानातली इतर गिऱ्हाइकं दोन पावलं मागं सरकली. हिरडा माझ्यासाठी नाही, स्लॅबसाठी आहे, असा खुलासा मी केला, पण तोवर उशीर झाला होता, आणि असा खुलासा कुणी खरा मानतं, असं मला आता वाटत नाही.

गुळाचा रवा घरी आणला तेव्हा बायकोचा चेहरा खुलला. दिवाळीचं सामान आधीच आणलं, अशी तिची समजूत झाली. मी तो फोडून घमेल्यात टाकायला लागलो तेव्हा ती जिन्यात नुसती उभी राहिली. “अहो, पोळीला तुम्ही चवीपुरता गूळ घाल म्हणता,” एवढंच ती म्हणाली. मी हातमोजे घालून चुना कालवला, गच्चीभर थापला, कडेकडेनं हातानं गोलाई दिली, ज्याला गवंडी ‘वाटा’ म्हणतात आणि जो मला त्या दिवशी फार सुबक जमला होता, आणि दमून खाली येऊन आडवा झालो.

पहाटे मुंग्या आल्या. आषाढी वारीसारख्या आल्या. ओळीनं, शिस्तीत, थांबत-थांबत, आणि मुक्काम आमच्याकडं. गच्चीवरून जिन्यात, जिन्यातून सोप्यात, सोप्यातून स्वयंपाकघरात, आणि जाताजाता त्यांनी देव्हाऱ्यातला नैवेद्यही पाहून ठेवला. दहा वाजता मधमाश्या हजर झाल्या. दुपारी सर आली आणि माझं सगळं काम वाहून छज्ज्यावरून दूधवाल्याच्या डोक्यावर पडलं. त्यानं जीभ बाहेर काढून चव घेतली. “वहिनी, काकवी सांडली काय ओ?” त्यानं विचारलं. घर गळतच होतं. फरक इतकाच, की आता बादलीतलं पाणी गोड लागत होतं. हे मला कसं कळलं, ते विचारू नका.

रात्री त्या डागाखाली पडून मला मेजर मांट आठवायचा. ब्रिटिश वास्तुरचनाकार, आपला नवीन राजवाडा आणि टाउन हॉल त्यानंच रेखाटले. आपली आकडेमोड चुकली, इमारती उभ्या राहणार नाहीत, असा धसका त्यानं घेतला होता म्हणे, आणि १८८१ साली तो गेला. राजवाडा १८८४मध्ये पुरा झाला आणि त्याचा काळा दगड आजतागायत तसूभर हललेला नाही. मांटला गणित येत होतं, म्हणून त्याला भीती वाटली असेल. मला येत नाही, तरी वाटायची. मनात यायचं, बिचाऱ्यानं एकदा मंगळवार पेठेत येऊन वर बघत उभं राहायला हवं होतं. निदान चुकलंय कुठं, हे त्याला सतरा जणांनी सतरा ठिकाणी दाखवलं असतं.

शेवटी ओळखीच्या ओळखीतून एक म्हातारा गवंडी आला. पांढरी टोपी, खिशात ओळंबा. तो सोप्यात आलाच नाही. डाग बघायला चला म्हटलं, तर म्हणाला, “डाग बघून काय करू? पाणी शिरतंय एकीकडं आन् दिसतंय दुसरीकडं. स्लॅबात वायरीची नळी असती न्हवं, तिच्यातनं पळतंय ते, आन् पंख्याचं भोक गावलं की तितनं पडतंय.” एवढं महत्त्वाचं वाक्य इतक्या साध्या आवाजात मला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. त्यानं विचारलं, “पाऊस पडल्या पडल्या गळालंय का मागनं?” मी बादलीच्या रेघांवरून सांगितलं, की जोराचा पाऊस झाला की तासाभरानं, आणि नुसत्या भुरभुरीला मुळीच नाही. तो हसला. “म्हंजे वर पाणी तुंबालंय.”

गच्चीच्या कोपऱ्यात पाणी जायचा पाइप आहे. त्यानं त्यात सळई घातली, फिरवली, बाहेर काढली, पुन्हा घातली. ‘फट्’ असा आवाज झाला, तळ्यासारखं साचलेलं पाणी घोगऱ्या आवाजात निघून गेलं आणि खाली रस्त्यावर एक हिरवा टेनिस बॉल टप्पे खात बाहेर पडला. लगेच गल्लीतल्या पोरांचा जल्लोष झाला. “घावला!” तो बॉल त्यांनी उन्हाळ्यापासून शोधला होता, आमचं दारही वाजवलं होतं, आणि मी त्यांना हुसकावून लावलं होतं. पाइप बंद, म्हणून पाणी पॅरापेटपर्यंत चढायचं आणि तिथल्या बारीक भेगेतून स्लॅबात उतरायचं. कोल्हापूर हे फुटबॉलचं गाव. शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमींचे सामने लागले की माणसं भिंतींवर चढून बसतात. अशा गावात आमच्याच गल्लीतल्या पोरांना क्रिकेटचं खूळ लागावं, याला काय म्हणायचं? फुटबॉल पाइपात जात नाही.

गवंड्यानं पॅरापेटच्या बुडाचा सुटलेला गिलावा टाचला, भेग मोकळी केली, सिमेंट भरलं, खरी गोलाई दिली. माझ्या वाट्याचे अवशेष त्यानं थापीच्या टोकानं उचलून नाकाशी नेले आणि काही न बोलता खाली ठेवले. मग आठवडाभर काम ओलं ठेवायला सांगितलं, त्यानंतर पाइपात गोणपाट कोंबून गच्चीत मुद्दाम पाणी तुंबवलं आणि दोन दिवस तसंच राहू दिलं. मी सोप्यात बॅटरी घेऊन बसलो. थेंब पडला नाही. गल्लीनं श्रेय वाटून घेतलं: भाचा म्हणाला, ढाळ; तात्या म्हणाले, गूळ मुरायला येळ लागतो.

पैसे द्यायला गेलो तर गवंडी अवघडला. “पैशाचं ऱ्हाऊ द्या की सायेब. तुमी बँकेत हुता म्हनं. पोरानं घर काढलंय गावाकडं. स्लॅबपातूर आलंय आन् हप्ता अडलाय. जरा कागदं बघता का?” त्यानं पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फाइल काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. मी चष्मा लावला. इस्टिमेट बघितलं, मंजुरीचं पत्र बघितलं, सातबारा उलटा धरून मग सुलटा केला. माझे हात कधी कमरेवर गेले, मान कधी मागं गेली, कळलंच नाही. जिभेनं दोनदा ‘चक् चक्’ केलं आणि मी त्याला विचारलं, “कुणी केलतं हे काम?”