पत्र पारावर वाचावे

फिलाडेल्फिया,
रविवार, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये

ती. नाना आणि ती. सौ. आई,

पत्र पारावर मोठ्यानं वाचलं जातं, तेव्हा ‘मी-मी’ नको, पेपरात येतं तसं लिही, असा नानांचा हुकूम. म्हणून इथून पुढं तुमचा धाकटा हा ‘धाकटा’ आणि सूनबाई ही ‘सूनबाई’. तुमची नात मुक्ता मुक्ताच राहील, ती तशीही कुणाचं ऐकत नाही.

परवा आईचा फोन आला तेव्हा इथं पहाटेचे चार वाजले होते. आत्याबाईंनी मुक्ताचं स्टेटस पाहिलं होतं: पोरगी चर्चमध्ये मांडी घालून बसलीय! धाकट्याला झोपेत उत्तर सुचलं नाही, म्हणून हे लेखी निवेदन.

तो फोटो दिवाळीच्या पूजेचा आहे. मुक्ताच्या विद्यापीठात जुनं चॅपल आहे आणि खालचा हॉल जो मागेल त्याला मिळतो. शुक्रवारी दुपारी तिथं नमाज, मंगळवारी बौद्ध पोरं डोळे मिटून बसतात, रविवारी ख्रिस्ती प्रार्थना. आपल्या पोरांना शनिवार मिळाला. चपलांचं कपाट मात्र सगळ्यांना एकच, त्यामुळं मुक्ताची एक कोल्हापुरी कुठल्या धर्मात गेली ते अजून कळलेलं नाही.

इथल्या बऱ्याच विद्यापीठांत पोरांच्या धर्माचं बघायला चॅप्लेन नावाचा माणूस असतो. वॉशिंग्टनचं जॉर्जटाउन विद्यापीठ जेझुइट पाद्र्यांचं, पण तिथं १९९९ मध्ये पूर्णवेळ इमाम नेमले आणि २०१६ मध्ये हिंदू चॅप्लेन. होय नाना, पगारी. पेन्शनचं विचारून कळवतो.

आता खरं गाऱ्हाणं. वसतिगृहाच्या खोलीत जाळ चालत नाही. मेणबत्ती नाही, उदबत्ती नाही, धूप नाही, निरांजन तर नाहीच. छताला धूर हुंगणारी डबी असते, ती कोकलली की सगळी इमारत रस्त्यावर, मग बाहेर बर्फ का पडत असेना. मुक्ता खोलीत बॅटरीचं निरांजन लावते. आरती झाली की त्यावरून हात फिरवून डोळ्यांना लावते. हात गारच असतात.

हॉलमध्ये एखादा खरा दिवा लावायचा तर दहा दिवस आधी अर्ज. अर्जात विचारतात: ज्योतीची उंची किती? कुणाच्या देखरेखीखाली? विझवण्याची योजना काय? सूनबाई म्हणाली, लिही, दिव्यातलं तेल संपलं की विझतो. हे उत्तर नामंजूर झालं. शेवटी एकच समई आणि शेजारी लाल नळकांडं घेऊन उभा एक धिप्पाड गृहस्थ, अशी परवानगी आली. ‘सुखकर्ता’ सुरू होताच त्यांनी टोपी काढली. प्रसादाचा शिरा दोनदा घेतला. नळकांडं मात्र खाली ठेवलं नाही.

यातून मुक्ताला दोन मैत्रिणी मिळाल्या. एक ज्यू, तिला शुक्रवारी तिन्हीसांजेला मेणबत्त्या लावायच्या असतात. दुसरी ओमानची, तिच्या आईनं दिलेला ऊद डबीतच पडून आहे. तिघींनी मिळून नवा अर्ज केलाय. धर्मावर व्याख्यानं ऐकून पोरं जेवढी जवळ येत नाहीत, तेवढी एका नियमाला नावं ठेवताना येतात, असं धाकट्याचं मत झालंय.

याच गावात आपली आनंदीबाई जोशी शिकली, हे आत्याबाईंना आवर्जून सांगा. शिकायला मदत देऊ, पण ख्रिस्ती व्हा, असा सूर तिच्या नवऱ्याला, गोपाळरावांना, मिशनऱ्यांकडून ऐकावा लागला. तो पत्रव्यवहार मासिकात छापून आला आणि दाताच्या डॉक्टरकडं नंबर लावून बसलेल्या इथल्या कार्पेंटरबाईंनी तो वाचला आणि मदतीचा हात पुढं केला. पुढचं सगळं त्या दातदुखीची कृपा! फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरच्या सभेत आनंदीबाईंनी सांगून टाकलं होतं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. ऑक्टोबर १८८५ चा त्यांच्या कॉलेजातला एक फोटो आहे. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतली जपानची केई ओकामी आणि दमास्कसची सबात इस्लामबुली, तिघी आपापल्या वेषात, ताठ. मुक्तानं तो भिंतीला लावलाय. पुढच्या वर्षी आनंदीबाई डॉक्टर होऊन परतल्या आणि १८८७ मध्ये पुण्यात गेल्या, बावीस वर्षांच्याही झाल्या नव्हत्या. हे आठवलं की सूनबाई मुक्ताला दिवसातून तीनदा फोन करते, ‘कानटोपी घातलीस का?’

सगळ्या धर्मांना एकाच छपराखाली जागा द्यायची या गावाची सवय जुनीच. १७४० मध्ये इथं प्रवचनांसाठी एक मोठी इमारत उठली, पुढं पेन विद्यापीठानं आपलं वय तिच्यापासूनच मोजलं. बेंजामिन फ्रँकलिननं आत्मचरित्रात लिहिलंय की कॉन्स्टँटिनोपलच्या मुफ्तीनं माणूस पाठवला तरी त्याला तिथं बोलता आलं असतं. इथले लोक हे फार कौतुकानं सांगतात. धाकटा मान डोलावतो आणि मनात म्हणतो, आमच्या श्रीगोंद्यात त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी शेख महंमद महाराज मराठीत ‘योगसंग्राम’ लिहीत होते आणि त्याही आधी शिवाजीराजांचे आजोबा मालोजीराजे त्यांना मानत होते. महाराजांच्या समाधीच्या जागेला कुणी मंदिर म्हणतं, कुणी दर्गा. आई नारळ फोडायची आणि बाहेर येऊन धाकट्याच्या हातावर रेवड्या ठेवायची, तेव्हा अर्ज कुणी भरला नव्हता.

तिथला भजनाचा आवाज फोनवर धरून ठेवत जा ना कधी. पाच मिनिटं. बिल येत नाही.

बाकी तुमच्या बातम्यांना उत्तरं. दादानं लिंबाची बाग काढून ऊस लावायचा घाट घातलाय, त्याला नाना, तुम्हीच आवरा. कारखान्याचं बिल कधी येतं हे त्याला माहीत नाही का? वहिनीचं पार्सल पोचलं, लोणच्याची बरणी फुटली नाही, पण मेतकुटाला वास लागलाय. बापूकाकांच्या नातवाचं मोडलं हे वाईट झालं, पण मुलगी हुशार निघाली. आणि बोअरला पाणी किती फुटांवर लागलं? दोन फोन झाले, तेवढंच कुणी सांगत नाही.

कुकरची शिट्टी झाली.

आपला,
धाकटा