पांढरी स्कॉर्पिओ गेली, वहिनी!

अहो वहिनी, या ना जरा भिंतीपाशी. राहू द्या ते कपडे, ऊन काही पळून जात नाही. कालपासून तुमची मान सारखी आमच्या पोर्चकडे वळतेय, बघतेय मी. हो, गेली. विकली स्कॉर्पिओ. तुम्हाला आधीच सांगणार होते, पण आमच्या ह्यांची सक्त ताकीद होती, पैसे खात्यात पडेपर्यंत कुणापाशी चकार शब्द काढायचा नाही.

का म्हणजे? सात माणसांची गाडी आणि बसणारी आम्ही दोघं. सासूबाई होत्या तोवर आज वणी, उद्या त्र्यंबक, चाकांना उसंत नव्हती. आता लेक बंगळूरला, चिरंजीव हिंजवडीला. एवढं धूड बाहेर काढायचं कशासाठी, तर कोथिंबीर आणायला! बरं, गाडी नुसती उभी राहिली तरी खर्च खातेच. बॅटरी उतरते, टायर दबतात, विम्याचा हप्ता काही थांबत नाही.

पण ठेवली कशी होती ते तुम्हीच सांगा. २०१७ची, एकहाती, आपल्या नाशिकच्याच कारखान्यातली. २००२ साली पहिली स्कॉर्पिओ बाजारात आली तेव्हापासून ह्यांनी मनात धरलेली, घ्यायला पंधरा वर्षं लागली ती गोष्ट वेगळी. घेतल्यावर दर रविवारी बादली, शाम्पू आणि मऊ फडकं. माझ्या जुन्या सुती साड्या सगळ्या त्या फडक्यांत गेल्या, आणि मला विचारून नव्हे.

विकायचं ठरल्याबरोबर ह्यांना हुक्की आली. पॉलिश मारू, नवी सीट कव्हरं घालू, इंजिन धुऊन घेऊ. माझा भाऊ गॅरेजवाला, माहितीय ना, अंबडचा. तो म्हणाला, "दाजी, गिऱ्हाईक पळवायचंय का तुम्हाला?" धुतलेलं इंजिन बघितलं की जाणत्या माणसाला वाटतं, कुठंतरी ऑइल गळत होतं, ते पुसून टाकलंय. कोरी कव्हरं दिसली की वाटतं, खालचं फाटलंय. गाडी झाडून-पुसून ठेवा आणि कागद लावा, बाकी काही करू नका म्हणाला. मागच्या बंपरवरचा ओरखडासुद्धा राहू दे म्हणाला. हो हो, तोच ओरखडा. कुणाच्या स्कूटरनं पडला म्हणून येणारा प्रत्येक जण विचारायचा. मी भाऊजींचं नाव घेतलं नाही हो.

पहिल्यांदा त्या मोबाइलवरून गाड्या घेणाऱ्यांकडे नंबर टाकला. स्क्रीनवर आले साडेआठ लाख! ह्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवलं. मग त्यांचा पोरगा आला टॅब घेऊन. रंगाची जाडी मोजायचं एक यंत्र असतं, ते प्रत्येक पत्र्याला लावत गाडीभोवती फिरला, ढीगभर फोटो काढले, चहा घेतला, गेला. रात्री फोन, साडेसहा लाख. का, तर डाव्या दाराचा रंग जास्त जाड आहे! अहो, ते दार एका लग्नाच्या हॉलबाहेर कुणीतरी घासलं होतं म्हणून रंगवून घेतलेलं, त्याचं बिलसुद्धा फायलीत आहे. दोन लाखांचा रंग कुठल्या दाराला लागतो, सांगा!

मग एक डीलर. त्याचं म्हणणं, नव्या गाड्यांवरचाच कर उतरलाय, २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या गाड्यांना सगळं मिळून ४० टक्के, नवीच स्वस्त झाल्यावर जुनीला भाव कुठून येणार? आता हे काही खोटं नाही. पण त्याच्याच दारात २०१६ची स्कॉर्पिओ उभी होती, ती साडेनऊला सांगत होता. घेताना कर आठवतो, विकताना विसरतो. वर म्हणतो, दिल्लीहून अशीच गाडी याहून दोन लाखांनी कमी किमतीत आणून देतो. ह्यांनी ऐकवलं त्याला, "दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार, म्हणून तिथले लोक आधीच काढून टाकतात. इकडे आणली की इथला रोड टॅक्स पुन्हा भरा, तिथल्या आरटीओची एनओसी आणा. ते दोन लाख कुठं गेले कळणारसुद्धा नाही." गप्प बसला.

त्यानंतर आले भावी नगरसेवक. नाव नको, भिंतीला कान असतात. चौघे जण, चारही गॉगल. एकानंही बॉनेट उघडा म्हटलं नाही. पांढरी आहे ना, बस. काचांना काळी फिल्म लावता येईल का, पुढं लोखंडी गार्ड बसेल का, एवढेच प्रश्न. काळ्या फिल्मला सुप्रीम कोर्टानं २०१२मध्येच मनाई केलीय, हे म्हणाले. तर हसले सगळे. गाडी आज द्या, पैसे निवडणूक झाल्यावर. ह्यांनी विचारलं, "आणि पडलात तर?" तेव्हापासून त्यांचा फोन नाही, आणि कोपऱ्यावर भेटले तर नमस्कारही नाही.

शेवटी ज्यांनी घेतली ते निफाडकडचे, द्राक्षबागायतदार. नवरा-बायको, म्हातारी आई आणि बरोबर एक मिस्त्री. त्या मिस्त्रीचं मात्र मला कौतुक वाटलं. आल्या आल्या कुणाशी न बोलता त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला, वैद्य नाडी बघतो तसा. इंजिन थंडगार आहे ना, आधीच चालू करून गरम करून ठेवलेलं नाही ना, ते बघत होता. मग चावी मागितली. एका सेल्फमध्ये चालू झाली. मागं जाऊन धूर बघितला. पुढं येऊन चालू इंजिनावरचं ऑइलचं झाकण काढलं, ते तसंच उलटं तोंडावर ठेवलं आणि टक लावून बघत राहिला. झाकण थडथड उडायला लागलं, खालून धूर यायला लागला, तर इंजिन आतून झिजलंय, बॅक कॉम्प्रेशन मारतंय असं समजतात. आमचं झाकण जागचं हललं नाही. ह्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही!

पुढचं तर मलाही ठाऊक नव्हतं. मधल्या सीटचा पट्टा त्यानं ओढ ओढ ओढला, अगदी शेवटपर्यंत. म्हटलं तोडतो की काय. तर पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या त्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते म्हणे, आणि तिथं पट्टा कधी बनला त्याची चिठ्ठीही असते. सगळ्या काचांच्या कोपऱ्यातले बारीक आकडे वाचले. एका काचेचं साल वेगळं निघालं तर ती कधी आणि कशानं फुटली, असा प्रश्न. दाराचं रबर ओढून आतल्या पत्र्यावरचे वेल्डिंगचे ठिपके बोटानं चाचपले. सगळे एका अंतरावर गोल असले म्हणजे कारखान्याचे, वेडेवाकडे असले म्हणजे गाडी जबर ठोकलेली. टायरवर चार आकडे असतात, तुमच्याही गाडीच्या बघा. आमच्यावर २३२१ होतं. म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. "नक्षी आहे, पण रबर कडक झालंय, चार टायर धरून चाला," म्हणाला मालकाला. अख्ख्या भेटीत तेवढंच एक वाक्य बोलला, आणि तेवढ्यात आमचे तीस हजार गेले.

तोवर ती म्हातारी मधल्या सीटवर जाऊन बसली होती. चढायला उंच पडते का विचारलं मी, तर म्हणाली, "पडती, पण बसलं की सगळं रान दिसतं." सून माझ्याकडे बघून हसली. मी तिला सासूबाईंची लाकडी पायरी देऊन टाकली, आता आम्हाला काय करायचीय!

मग फाइल काढली. पहिल्या सर्व्हिसिंगपासूनची सगळी बिलं, तारीखवार, प्रत्येकावर किलोमीटर. मीटर मागं फिरवायचे प्रकार इतके चालतात की नुसत्या आकड्यावर कोण विश्वास ठेवतो? पण बिलाबिलावर आकडा चढत चढत ९२ हजारांवर आलेला दिसला की बोलायला जागा राहत नाही. आमच्या गाडीला भाव आला तो त्या फायलीमुळं, असं माझं स्पष्ट मत. बादली-शाम्पूमुळं नव्हे. हे आमच्या ह्यांना मान्य नाही.

आणि त्या फायलीच्याच नादात घोटाळा झाला. बागायतदारांनी खिशातून मोबाइल काढला, गाडीचा नंबर टाकून चलन बाकी आहे का बघितलं. निघालं की एक! बोरघाटातलं, वेगाचं, दोन हजारांचं. शनिवार, सकाळचे सव्वासात. गाडी तेव्हा चिरंजीव घेऊन गेलेले, ऑफिसचं सामान हलवायचंय म्हणून. हिंजवडीचं ऑफिस बोरघाटात कधी गेलं? हे माझ्याकडे बघतायत, मी ह्यांच्याकडे. फोटो मोठा करून बघितला तर शेजारच्या सीटवर ओढणी! वहिनी, हे आपल्या दोघींतच ठेवा. मुलगी चांगली असेल तर आमची काही हरकत नाही.

भावाचं म्हणाल तर आम्ही नऊ सांगितले, त्यांनी साडेसात धरले. टायरचे तीस कापले, अधेमधे चहा झाला, पोहे झाले, आठ दहावर तुटलं. पण पैसे कसे देणार, तर अर्धे आता आणि अर्धे माल निघाल्यावर. तेही रोख! ह्यांनी हात जोडले. एका व्यवहारात दोन लाख किंवा वर रोख घेतले तर आयकरवाले तेवढाच दंड लावतात, २०१७पासूनचा कायदा आहे. पूर्ण रक्कम आरटीजीएसनं, मगच चावी. माणूस सरळ हो, मला तर वाटत होतं द्यावी. पण पैशांचं सोडा, नावाचंच भय मोठं. आरटीओत आपलं नाव आहे तोवर कायद्यानं मालक आपणच. गाडी विकून, पैसे घेऊन चार वर्षं झाली असली तरी अपघाताची भरपाई कागदावरच्या मालकाच्या गळ्यात पडते. सुप्रीम कोर्टानं २०१८मध्ये तसा स्पष्ट निकालच दिलाय. किती लोक कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी देऊन मोकळे होतात, माझ्या तर अंगावर काटा येतो.

ऐनवेळी बोजा निघाला. कर्ज फिटून काही वर्षं झाली, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. बँकेचं पत्र ह्यांनी जपून ठेवलं होतं, इतकं जपून की कुठं ते आठवेना. कपाटातल्या लॉकरमध्ये निघालं, माझ्या पाटल्यांच्या डबीखाली. मग ३५ नंबरच्या फॉर्मवर बोजा उतरवला, २९ आणि ३०वर नाव बदलायचा अर्ज. पेठ रोडच्या आरटीओला हे आणि बागायतदार जोडीनं गेले. नवी सुरक्षित नंबरप्लेट आधीच बसवलेली होती म्हणून बरं, नाहीतर तिथंच अडलं असतं.

गाडी देताना कागदावर तारीख आणि वेळ टाकून दोघांच्या सह्या. फास्टॅग त्याच दिवशी बंद केला, नाहीतर ते जाणार शिर्डीला आणि टोल कापला जाणार आमच्या खात्यातून. आणि एक महत्त्वाचं, भाऊजींना मुद्दाम सांगा. इतकी वर्षं क्लेम केला नाही म्हणून विम्यात जी सूट मिळते ना, ५० टक्क्यांपर्यंत चढते ती, ती गाडीची नसते, माणसाची असते. विमा कंपनीकडून तसं पत्र घेऊन ठेवायचं, तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतली तर तिला लागू होते. फक्त गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर हं, थर्ड पार्टीवर नाही. डीलर हे सांगत नाहीत कुणाला.

नवी? घ्यायचीय ना. लहानशीच घ्यायची, ऑटोमॅटिक, गल्लीत वळेल अशी, असं दोघांचं ठरलंय. निदान माझी तशी समजूत होती. आज सकाळी एका शोरूममधून घरच्या फोनवर मुलीचा फोन, "मॅडम, सरांना कालची स्कॉर्पिओ-एनची टेस्ट ड्राइव्ह कशी वाटली?" काल संध्याकाळी सर मला म्हणाले होते, दूध संपलंय, घेऊन येतो.