हॅलिबटचा मुहूर्त आणि इतर पूर्वतयारी

मासे खायचे असतील तर बाजारात जावं. प्रस्तुत मार्गदर्शन मासे पकडण्याविषयी आहे, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असतो असं मानणाऱ्यांनी इथेच थांबलेलं बरं. स्थळ अलास्का. १८६७ साली अमेरिकेने हा अख्खा मुलूख रशियाकडून ७२ लाख डॉलरला विकत घेतला. एकरी दोन सेंटांच्या आसपास भाव पडला, तरीही परराष्ट्रमंत्री स्यूअर्ड यांनी सरकारचे पैसे पाण्यात घातले म्हणून लोक हसले. हा आकडा एकदा वाचून विसरून जावा. पुढे आपल्या माशाचा किलोचा भाव काढायची वेळ येते, तेव्हा तो आठवला की त्रास होतो.

अँकरेजहून गाडीने दक्षिणेकडे निघालं की सव्वादोनशे मैलांच्या आसपास रस्ता संपतो. जिथे संपतो ते होमर. गाव पाच-साडेपाच हजार वस्तीचं, पण स्वतःला जगातल्या हॅलिबटची राजधानी म्हणवतं. राजधानीचा मुख्य भाग म्हणजे कॅचेमॅक उपसागरात साडेचार मैल घुसलेली वाळूगोट्यांची चिंचोळी पट्टी. तिच्यावर बंदर, चार्टर बोटींची ऑफिसं, मासे कापण्याची टेबलं, आणि भिंतींना-छताला डॉलरच्या नोटा डकवलेला सॉल्टी डॉग नावाचा एक प्रसिद्ध बार. पलीकडे खाडीपार बर्फाचे डोंगर आणि हवा स्वच्छ असली तर ज्वालामुखीसुद्धा दिसतात, पण ते फुकट असल्यामुळे त्यांच्याकडे पाहण्यात वेळ दवडू नये. आधी राज्याच्या मत्स्य खात्याचा परवाना काढावा. सोळा वर्षांखालच्या पाहुण्या पोरांना तो लागत नाही. किंग सॅमन पकडायचा असेल तर वेगळा शिक्का घ्यावा लागतो. मग बोटीचे माणशी तीन-चारशे डॉलर किंवा थोडे वरच भरून टाकावेत, आणि पावती घरच्यांना सापडणार नाही अशा जागी ठेवावी.

आता मुहूर्त. या विषयाकडे अमेरिकन लेखकांचं पूर्ण दुर्लक्ष झालं आहे, म्हणून तो सविस्तर घेणं भाग आहे.

आधी तिथी. हॅलिबट हा तळाला पडून राहणारा मासा. कुक इनलेटची भरती-ओहोटी जगातल्या मोठ्यांपैकी आहे. मुंबईत साडेचार मीटरची भरती असली की त्या दिवशी तिची बातमी होते. होमरला उधाणात पाणी सहा-सात मीटरवर जातं आणि बातमी होत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला हे पाणी इतकं धावतं की दीड किलो शिसं बांधलेला गळही तळाला टेकत नाही, बोटीमागे तिरपा वाहत राहतो. सप्तमी-अष्टमीला भांग असते, ओढ कमी, गळ सरळ खाली. कोकणात गरवायला बसणारा कुठलाही माणूस हे सांगेल. होमरचे कॅप्टन यासाठी भरतीची छापील कोष्टकं वापरतात. आपण कालनिर्णय न्यावं. तारखेत एखाद्या दिवसाचा फरक पडेल, पण सोबत राशिभविष्यही मिळतं.

मग वार. सोमवार, गुरुवार, शनिवार ज्या घरात मासे वर्ज्य असतात त्या घराला मंगळवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवार उरतात, हे वेगळं सांगायला नको. काहींचा मंगळवारही जातो. अलीकडच्या हंगामांत अमेरिकन सरकारने दक्षिण-मध्य अलास्कात चार्टर बोटींवरून हॅलिबट पकडण्याला जो वार बंद ठेवला आहे, तो नेमका बुधवार. कारण माशांची संख्या टिकवण्याचं दिलं जातं. अमेरिका आणि कॅनडा यांनी १९२३ च्या करारापासून एक आंतरराष्ट्रीय आयोगच या एका माशासाठी नेमलेला आहे, तेव्हा कारण खोटं नसावं. पण शंभर वर्षांच्या आयोगात एकही मराठी सभासद नसल्याचं यातून दिसतं.

शेवटी महिना. हॅलिबटचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. सिल्व्हर सॅमन जुलैच्या मध्यापासून यायला लागतो आणि ऑगस्टमध्ये ऐन भरात असतो; स्यूअर्ड गावी त्याच्या पकडीची मोठी स्पर्धाही ऑगस्टमध्येच होते. म्हणजे श्रावणात. गटारीच्या आत उरकून घ्यावं म्हटलं, तर गटारी आषाढ अमावस्येला, म्हणजे ऐन उधाणात. २०२३ साली तर अधिक श्रावण आला आणि १८ जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत श्रावणच चालू होता. अधिक पाळायचा की निज, यावर त्या वर्षी घराघरांत जी चर्चा झाली तिच्यात एक अख्खा सिल्व्हर हंगाम निघून गेला. काही विद्वानांचं म्हणणं असं की पकडणं वेगळं आणि खाणं वेगळं. पकडून गोठवून ठेवायला शास्त्राची आडकाठी नाही. हे मत ग्राह्य धरायला हरकत नाही, मात्र घरी फोन करून विचारू नये.

एकूण हिशेब मांडला तर आषाढातली शुद्ध अष्टमी शुक्रवारी किंवा रविवारी येईल तो दिवस उत्तम. अशी तारीख मिळाली की त्या दिवशी बोट भरलेली असते. मग मिळेल त्या दिवशी जावं.

शिदोरीत थालीपीठ चालेल, चटणी चालेल, केळी चालणार नाहीत. केळं बोटीवर अपशकुनी मानणारे कॅप्टन बरेच आहेत, आणि त्यातले कडक लोक केळ्याच्या वेफर्सनाही सोडत नाहीत. आपण मांजर आडवं गेल्यावर थांबतो, तेव्हा इथे विज्ञाननिष्ठा दाखवू नये. ओकारीची गोळी निघण्याआधी घ्यावी. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी समुद्रालाच मिळते. जुलै असला तरी स्वेटर, त्यावर रेनकोट, पायात रबरी बूट. पुलओव्हरवर शाल घेतली तरी कोणी हसत नाही, थंडीने तोंडं आवळलेली असतात.

नांगर टाकल्यावर काय करायचं? काहीच नाही, आणि हे शिकायला वेळ लागतो. जागा कॅप्टनने ठरवलेली असते, गाठ डेकहँडने मारलेली असते, हेरिंगचा तुकडा त्यानेच ओवलेला असतो. आपण दोर सोडायचा. दीड-दोनशे फुटांवर शिसं तळाला टेकतं, हाताला एक बारीकसा ठोका जाणवतो. मग वाट पाहायची. रॉडचं टोक एकदा मान डोलावतं, दोनदा डोलावतं, आणि इथे नवशिका उठून जोरात झटका देतो. देऊ नये. हॅलिबटचा गळ गोल, टोक आत वळलेलं असतं. झटक्याने आमिष त्याच्या तोंडातून अलगद बाहेर येतं. मासा स्वतःच आमिष घेऊन वळला की गळ ओठाच्या कोपऱ्यात बसतो. टोक वाकून वाकलेलंच राहिलं की सावकाश रील फिरवायला लागावं. मराठी माणसाला काही न करता बसणं जड जात नाही, पण या वेळी बाजूच्याला सल्ला न देता बसायचं असतं, ते जातं.

रील फिरवताना पहिल्या पन्नास फुटांत आत्मविश्वास, पुढच्या पन्नासात दंड आणि त्यापुढे कंबर जाते. मासा वर आल्यावर कधी कधी मुशी निघते. मुशीचं कालवण आठवून चेहरा उजळला तरी गप्प राहावं. डेकहँड तिला शिवी देऊन सोडून देतो. हॅलिबट असेल तर पाण्यात आधी एक तपकिरी सावली दिसते, ती उलटली की पांढरीफेक पोटाची बाजू. पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराचं अंग, आणि दोन्ही डोळे एकाच बाजूला. आपल्याकडच्या लेपाचा हा अवाढव्य भाऊबंद. जन्मतो तेव्हा डोळे दोन बाजूंना असतात. इंचभराचा झाला की डावा डोळा डोक्यावरून सरकत उजवीकडे येतो, आणि मग हा जन्मभर डाव्या कुशीवर पडून वर बघत राहतो. त्या डोळ्यांत फार वेळ पाहू नये, ते आपल्याकडेच पाहत असतात.

मासा खरोखर मोठा असेल तर मागे सरकावं. साठ-सत्तर किलोचा हॅलिबट जिवंतपणी डेकवर घेतला तर शेपटीच्या फटक्याने माणसाचा पाय मोडू शकतो, म्हणून कॅप्टन त्याला पाण्यातच भाला मारतो किंवा सरळ बंदूक काढतो. मत्स्याहाराच्या इतिहासात गोळीबार बसवून घ्यायला थोडा वेळ लागतो. नोंदलेला विक्रम १९९६ सालचा, डच हार्बरचा, ४५९ पौंडांचा, म्हणजे दोनशे किलोंच्या वरचा. असले धूड बहुतेक मादीच असते आणि तिच्या पोटी अंडीही त्या मानाने, त्यामुळे ती सोडून द्यावी असं अनेक कॅप्टन सुचवतात. ऐकावं. खायला दहा किलोच्या आतला चांगला, आणि तो एकट्याने उचलताही येतो. किती पकडायचे आणि किती लांबीचे याचे नियम दरवर्षी बदलतात. बहुधा माणशी दिवसाला दोन, त्यातला एक ठरावीक लांबीच्या आतला. लांबीवर डेकहँडशी घासाघीस करू नये, टेप त्याच्या हातात असतो.

सॅमनचं तंत्र थोडक्यात. पाच जाती हाताच्या बोटांवर लक्षात ठेवायची तिकडे पद्धत आहे: अंगठा चम, डोळ्यात खुपसायचं बोट सॉकाय, सर्वांत लांब मधलं किंग, अंगठीचं सिल्व्हर, करंगळी पिंक. समुद्रात किंग आणि सिल्व्हर यांच्यासाठी बोट हळूहळू चालवत, ठरावीक खोलीवर चमकती पत्री आणि आमिष ओढत नेतात. हॅलिबट ओझ्याने थकवतो, सिल्व्हर पाण्याबाहेर उड्या मारतो, बोटीखालून पळतो, शेजाऱ्याच्या दोरात दोर गुंतवतो. खेळ म्हणाल तर खरा हाच. किंगचा विक्रम १९८५ साली केनाय नदीत झाला, ९७ पौंड ४ औंस. आता त्या नदीत किंग इतके कमी येतात की २०२३ आणि २०२४ मध्ये त्याची पकड बंदच ठेवावी लागली, त्यामुळे विक्रम मोडायचा विचार घेऊन जाऊ नये. परवानगी असेल तिथे किंग मिळाला तर परवान्यावर तिथल्या तिथे नोंद करायची असते. आनंदाश्रू पुसण्याआधी.

इथपर्यंत आपला वाटा रील फिरवण्याचा होता. यापुढचा भाग संपूर्ण आपला आहे: फोटो. छोट्या बोटीवर प्रवासी सहा, माणशी दोन मासे, म्हणजे धक्क्यावर फळीला एका ओळीत बारा हॅलिबट टांगले जातात आणि वर बोटीच्या नावाची पाटी. सहाही जण या बाराच्या बारा माशांसोबत वेगवेगळे फोटो काढून घेतात. कोणते दोन कोणाचे हे फोटोत लिहिलेलं नसतं, आणि कुटुंबाच्या ग्रुपवर विचारल्याशिवाय सांगू नये. एकटा मासा धरायचा असेल तर दोन्ही हात ताणून तो कॅमेऱ्याकडे पुढे करावा, कोपर वाकवू नये, मान मागे घ्यावी. पाच किलोचा सिल्व्हर सहज आठचा होतो. हात थरथरत असतील तर उत्तमच, वजन खरं वाटतं. वजन सांगताना पौंडांत सांगावं, आणि ऐकणाऱ्याने किलो समजून घेतलं तर अडवू नये.

मासा कापण्याचं काम डेकहँड करतो, आणि ते बघण्यासारखं असतं. लांब लवचीक सुरी मध्यावरून कण्यापर्यंत, मग कण्याला घासत बाहेर. चार पांढऱ्याशुभ्र लाद्या टेबलावर, काटा नावालाही नाही. दोन्ही गाल वेगळे काढून देतो, ते मागून घ्यावेत. अख्ख्या माशात सर्वांत चविष्ट तेवढेच. टिप बिलाच्या पंधरा-वीस टक्के द्यायची असते. इथे एक सांस्कृतिक प्रसंग उद्भवतो. सॅमनची डोकी तो बाजूला टाकतो. का टाकतो, तर उद्या हॅलिबटला आमिष म्हणून. ज्या वस्तूसाठी आपल्या घरांत भावाभावांत अबोला होतो, ती वस्तू तळाशी लोळणाऱ्या माशाला. आवाज न चढवता सगळी डोकी मागून घ्यावीत. तो आधी बघत राहील, मग पिशवी देईल.

पुढे लाद्या हवाबंद पाकिटांत भरून गोठवतात आणि पुठ्ठ्याच्या पेटीत घालतात. उन्हाळ्यात अँकरेजच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर सुटकेसपेक्षा अशा पेट्याच जास्त. एका विमान कंपनीने २००५ साली अख्खं ७३७ विमान किंग सॅमनसारखं रंगवलं होतं, यावरून कळावं. पेटीवर नाव ठळक लिहावं. किलोचा भाव काढू नये. काढलाच तर विमानाचं तिकीट, गाडीचं भाडं आणि हॉटेल ही सहल होती असं समजून वगळावं, परवाना हा छंद समजून वगळावा, टिप हा दानधर्म. राहिलेल्या रकमेला वजनाने भागावं आणि मगच ती रक्कम मोठ्याने बोलावी.

हॅलिबट चवीला सभ्य मासा आहे. स्वतःचं काही मत नसलेला, म्हणून मालवणी मसाला त्याला सोसतो. रवा लावून तळला तर छान, पण दोन मिनिटं जास्त झाली की चोथा. सॅमनला तिरफळ आणि कोकम पुरे, नारळ जपून, तेल त्याचं स्वतःचंच असतं. डोक्यांचं कालवण वेगळं. ज्येष्ठ मंडळी पहिला घास घेऊन 'बरा आहे' म्हणतील आणि रावसाचं नाव काढतील. रावसाचं सॅमनशी काही नातं नाही, हे त्या वेळी सांगू नये, आणखी एक तुकडी वाढावी.

पेटी घरी पोचेपर्यंत बहुधा श्रावण लागलेला असतो. डीप फ्रीजरमध्ये ती महिनाभर आरामात राहते. फक्त ज्या कप्प्यात गणपतीच्या मोदकांसाठी आणलेला फ्रोझन नारळ आहे, त्या कप्प्यात ठेवू नये.